कोडेकचा आवाज पुन्हा पुन्हा का बिघडतो: डिव्हाइस ट्री सर्किट समोर ठेवून लिहा

कधी बोर्ड नवा असतो, कधी कर्नल (लिनक्सचा गाभा) नवा, कधी नुसता एखादा भाग बदललेला. तक्रार तीच असते: "दादा, आवाज नाही येऊन राहिला."

हिंगणा रोडवरच्या आमच्या छोट्याशा जागेत आम्ही घोषणा देणारे डबे बनवतो. बसथांब्यावर, दवाखान्याच्या रांगेत, बाजाराच्या ओट्यावर बोलणारे. आत लिनक्स चालवणारा एआरएम प्रोसेसर, त्याच्या शेजारी डब्ल्यूएम८९६० हा ऑडिओ कोडेक (आकड्यांचा आवाज आणि आवाजाचे आकडे करणारी चिप) आणि पुढे मोठ्या स्पीकरसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर. हा कोडेक मुळात वुल्फसन कंपनीचा. २०१४ मध्ये सिरस लॉजिकने ती कंपनी घेतली, तरी डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलं आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये) या चिपच्या खास प्रॉपर्टींच्या आधी अजून "डब्ल्यूएलएफ" हीच अक्षरं लागतात. (प्रॉपर्टींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे, फाइलमध्ये ती रोमन लिपीत आणि बहुतेक छोट्या अक्षरांत जातात.)

आवाजाचा हा बिघाड आमच्याकडे चार वेळा आला, चारही वेळा आम्ही तो दुरुस्त केला आणि चारही वेळा चुकीच्या जागी केला. एकदा ड्रायव्हरच्या कोडमध्ये आकडा बदलला. कर्नल वर नेला तेव्हा तो बदल वाहून गेला. एकदा सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये पिन हलवायची ओळ टाकली; पुढच्या बोर्डावर ती पिन दुसऱ्याच कामाला होती. बोर्डावर तांब्याने जे जोडलं आहे ते सांगायची जागा डिव्हाइस ट्री आहे, आणि आमची ट्री आमच्या बोर्डाबद्दल बोलतच नव्हती. ती नमुना बोर्डाची फाइल होती, वरचं नाव बदललेली. नमुना बोर्डावर कोडेकला मुख्य क्लॉक (ज्या ठोक्यावर कोडेक चालतो तो) प्रोसेसर पुरवत होता, आमच्या बोर्डावर वेगळा ऑसिलेटर बसवला होता. त्या एका फरकातून बहुतेक त्रास निघाला.

म्हणून खालचं सगळं वाचताना सर्किटचा कागद शेजारी घ्या. बाइंडिंगमधली (एखाद्या भागासाठी ट्रीत काय लिहायचं याच्या नियमांमधली) प्रत्येक प्रॉपर्टी म्हणजे त्या कागदाला विचारलेला एक प्रश्न आहे.

कार्डच दिसत नाही

हा सगळ्यात सोपा प्रकार, म्हणून थोडक्यात. प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरातल्या) असाउंड फोल्डरात कार्डांची यादी रिकामी आहे आणि कर्नलच्या लॉगमध्ये एकही चूक नाही, तर बहुधा साउंड कार्ड कोणाची तरी वाट पाहत बसलं आहे. वजा ५१७ हा आकडा दिसला तर ती चूक समजू नका. "मला लागणारा भाग अजून आला नाही, नंतर विचारा" एवढाच त्याचा अर्थ. कोण अडकलं आहे ते डिबगएफएसमधल्या (कर्नलच्या आतली स्थिती दाखवणाऱ्या फोल्डरातल्या) "डिव्हाइसेस-डिफर्ड" या फाइलमध्ये सापडतं.

कारणं ठरलेली आहेत. प्रोसेसरच्या आयटूएस (ध्वनीचे आकडे नेणाऱ्या तारा) कंट्रोलरचा नोड (ट्रीमधला त्या भागाचा मजकूर) मूळ फाइलमध्ये "डिसेबल्ड" असतो आणि तो आपण "ओके" करायला विसरतो. किंवा कोडेकचं मॉड्यूल कर्नलबरोबर बांधलं पण डब्यातल्या मेमरी कार्डावर पोचलंच नाही. किंवा कोडेकच्या नोडमध्ये "साउंड-डीएआय-सेल्स" शून्य लिहिलेलं नाही, त्यामुळे दुसऱ्या नोडला त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही.

आयटूसीचा (कोडेकला हुकूम पोचवणाऱ्या तारांवरचा) पत्ता मात्र जपून. या चिपच्या माहितीपत्रकांत आणि जुन्या कोडमध्ये हेक्स ३४ असा पत्ता भेटतो. तो आठ बिटांचा आहे, लिहिण्याचा बिट धरून. डिव्हाइस ट्रीला सात बिटांचा लागतो: हेक्स १ए. "रेग" मध्ये ३४ लिहिलं की ड्रायव्हर रिकाम्या घराची कडी वाजवत राहतो. आयटूसी-डिटेक्टने शोधलं तर १ए च्या जागी आकडा दिसायला हवा, आणि ड्रायव्हरने ताबा घेतला असेल तर "यूयू". आणखी एक: या कोडेकचे रजिस्टर लिहिता येतात, वाचता येत नाहीत. आयटूसी-गेटने आलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. डिबगएफएसच्या रेगमॅपमध्ये जे दिसतं ती कर्नलने स्वतःजवळ ठेवलेली नोंद आहे, चिपचं उत्तर नव्हे. आमचा एक पूर्ण शनिवार यात गेला.

कार्ड दिसतं, पण वाजवलं की काही सेकंद शांतता आणि मग इनपुट-आउटपुट एरर

एप्ले (फाइल वाजवायची कमांड) सुरू होतो, अडकतो, काही सेकंदांनी चूक दाखवून मरतो. याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच: आयटूएसच्या तारांवर बिट क्लॉक नाही. ध्वनीचे नमुने पुढे सरकत नाहीत, डीएमए (ते मेमरीतून उचलणारा भाग) हलत नाही, आणि कर्नल कंटाळून सोडून देतो.

आयटूएसमध्ये बिट क्लॉक (प्रत्येक बिटाचा ठोका) आणि फ्रेम क्लॉक (प्रत्येक नमुन्याचा ठोका) कोणीतरी एकाने द्यायचे, दुसऱ्याने घ्यायचे. सिंपल-ऑडिओ-कार्डमध्ये (प्रोसेसर आणि कोडेक जोडून साउंड कार्ड बनवणाऱ्या कर्नलमधल्या तयार ड्रायव्हरमध्ये) हे "बिटक्लॉक-मास्टर" आणि "फ्रेम-मास्टर" या प्रॉपर्टींनी सांगतात, आणि त्या ज्या उपनोडकडे बोट दाखवतात तो क्लॉक देतो. नमुना फाइलमध्ये दोन्ही प्रोसेसरच्या बाजूला होत्या. आमच्याकडे ऑसिलेटर कोडेकच्या शेजारी, त्यामुळे कोडेकने द्यायला हवे होते. आम्ही फक्त बिटक्लॉकची ओळ बदलली, फ्रेमची तशीच राहिली. एक क्लॉक इकडून, एक तिकडून, आणि मधे काहीच जुळेना.

स्कोप (तारेवरचा सिग्नल दाखवणारं यंत्र) असेल तर लावा. ४८ किलोहर्ट्झला, प्रत्येक बाजूला ३२ बिट धरले तर बिट क्लॉक ३.०७२ मेगाहर्ट्झ दिसला पाहिजे. १६ बिट धरले तर १.५३६. तार सपाट असेल तर मिक्सरचे बटण फिरवण्यात वेळ घालवू नका, डिव्हाइस ट्रीकडे परत या.

आवाज येतो, पण पळतो किंवा रेंगाळतो

इथे मी थांबणार आहे, कारण याच बिघाडाने आम्हाला सगळ्यात जास्त छळलं आणि यात कर्नल एक अक्षर बोलत नाही.

मे महिना होता. घोषणा देणाऱ्या बाईंचा आवाज जरा जड, संथ येत होता. ऊन पंचेचाळीसच्या पुढे, डबे पत्र्याच्या छपराखाली. नागपुरात उन्हाळ्यातला प्रत्येक बिघाड आपण उन्हाच्या माथी मारतो, तसा हाही मारला. डबा दोन दिवस कूलरसमोर ठेवला. फरक शून्य.

तेव्हा कागदावर हिशेब मांडायला हवा होता. ऑसिलेटर तापला तर त्याची वारंवारता दशलक्षात काही दहांनी सरकते. आमचा आवाज शेकड्यात दोनाहून जास्त संथ होता, म्हणजे दशलक्षात वीस हजारांच्या वर. एवढं ऊन या पृथ्वीवर पडत नाही.

बोर्डावर भिंग धरलं. ऑसिलेटरच्या पाठीवर १२.००० लिहिलं होतं. सर्किटमध्ये १२.२८८ होता, तो संपला म्हणून बर्डीवरून जवळचा आणून बसवला गेला होता. डिव्हाइस ट्रीमध्ये "फिक्स्ड-क्लॉक" नोडमधली "क्लॉक-फ्रिक्वेन्सी" होती १२२८८०००. फिक्स्ड-क्लॉक म्हणजे मोजमाप नव्हे. ते तुम्ही कर्नलला दिलेलं वचन आहे. कर्नल ते तपासत नाही, त्याच्याकडे तपासायचं साधनही नसतं. त्याने १२.२८८ मेगाहर्ट्झला २५६ ने भागून ४८ किलोहर्ट्झ धरले. खरे १२ मेगाहर्ट्झ भागिले २५६ म्हणजे ४६,८७५ हर्ट्झ. बाईंचा आवाज तेवढाच जड झाला.

फाइलमध्ये १२०००००० लिहून भागलं असतं का, हे आमच्या मुलाने विचारलं. नाही. १२ मेगाहर्ट्झवरून नेमके ४८ किलोहर्ट्झ काढायचे तर कोडेकमधली पीएलएल (एका क्लॉकवरून दुसऱ्या वेगाचा क्लॉक बनवणारा भाग) चालवावी लागते, आणि सिंपल-ऑडिओ-कार्ड ती आपणहून लावत नाही. भाग बदलणं हाच उपाय होता. सगळे बोर्ड सोल्डरिंगच्या टेबलावर परत आले.

दुसरा प्रकार याच्या उलटा आणि जास्त फसवा. ऑसिलेटर बरोबर, फाइल बरोबर, घोषणा बरोबर, पण कोणी पेन ड्राइव्हवरून आरती लावली की ती घाईने, चढ्या पट्टीत येते. घोषणा आम्ही ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करतो. आरतीची फाइल ४४.१ ची.

घडतं असं. "एमसीएलके-एफएस" २५६ लिहिलं की कार्ड प्रत्येक वेळी नमुन्यांचा दर गुणिले २५६ एवढा मुख्य क्लॉक मागतं. ४८ साठी १२.२८८ मेगाहर्ट्झ, जो आहे. ४४.१ साठी ११.२८९६ मेगाहर्ट्झ, जो आपल्या बोर्डावर नाही. ऑसिलेटरला दर बदलायला सांगितलं जातं, तो बदलू शकत नाही, पण क्लॉकची यंत्रणा याला चूक मानत नाही आणि शांतपणे "झालं" म्हणते. कोडेकच्या ड्रायव्हरला मात्र ११.२८९६ मिळाले असं कळवलं जातं. तो २५६ ने भागतो, खऱ्या १२.२८८ ला भागतो, आणि ४४.१ चं गाणं ४८ च्या वेगाने धावतं. जवळजवळ दीड अर्धस्वर (सेमीटोन) वर.

नव्या कर्नलमध्ये यासाठी "सिस्टम-क्लॉक-फिक्स्ड" ही प्रॉपर्टी आहे. ती कोडेकच्या उपनोडमध्ये टाकली की कार्ड फक्त त्याच दराला हो म्हणतं जो ऑसिलेटरमधून खरोखर निघतो, बाकीच्यांना सरळ नकार. मग अल्साचा (लिनक्सच्या ध्वनियंत्रणेचा) प्लग थर ४४.१ चं ४८ करून देतो. थेट हार्डवेअरचं नाव घेऊन वाजवणारा तुमचा जुना प्रोग्राम यानंतर चूक दाखवेल. दाखवू द्या. चुकीच्या सुरात वाजण्यापेक्षा नकार बरा, कारण नकार लॉगमध्ये दिसतो.

हे दोन्ही प्रकार ओळखायला स्कोप लागत नाही. ४४.१ ची, एक किलोहर्ट्झ सुराची, बरोबर साठ सेकंदांची फाइल बनवा, थेट हार्डवेअरवर वाजवा आणि घड्याळ लावा. साठ सेकंदांत संपली, किंवा वरच्या प्रॉपर्टीमुळे नकार आला, तर सगळं ठीक. सुमारे ५५ सेकंदांत संपली तर ४४.१ आणि ४८ चा गोंधळ. ४८ ची तशीच फाइल साठऐवजी साडेएकसष्ट सेकंदांच्या आसपास गेली तर ऑसिलेटरची पाठ वाचा. मोबाइलवरच्या ट्यूनरमध्येही हेच कळतं: पहिल्या चुकीत १,०८८ हर्ट्झ, दुसरीत ९७७. आता आमच्याकडे प्रत्येक नवा बोर्ड बाकी काहीही तपासण्याआधी ही परीक्षा देतो.

रेकॉर्डिंग होतं, पण काहीतरी वाजत असतानाच

इंटरकॉमच्या डब्यात हा निघाला. नुसतं रेकॉर्ड केलं तर वरचीच इनपुट-आउटपुट एरर. मागे गाणं चालू ठेवलं तर छान रेकॉर्ड होतं. आमचा तेव्हाचा उपाय सांगतो, कारण असा उपाय अनेक ठिकाणी चालू असणार: पार्श्वभूमीत एक नि:शब्द फाइल अखंड वाजत ठेवली. वर्षभर चाललं. मग कोणीतरी "ही प्रोसेस कशाला" म्हणून ती बंद केली आणि इंटरकॉम बहिरा झाला.

खरं कारण तारांत आहे. या कोडेकला फ्रेम क्लॉकच्या दोन पिन आहेत, एक ध्वनी आत घेणाऱ्या बाजूची, एक बाहेर सोडणाऱ्या बाजूची. आमच्या बोर्डावर, आणि बहुतेक बोर्डांवर, बाहेर सोडणाऱ्या बाजूचीच पिन प्रोसेसरला जोडलेली असते आणि दोन्ही कामं तिच्यावर चालतात. पण कोडेक क्लॉक देणारा असेल तर ती पिन डीएसी (आकड्यांचा आवाज करणारा भाग) चालू असतानाच जिवंत असते. नुसत्या रेकॉर्डिंगला डीएसी बंद, म्हणून फ्रेम क्लॉक बंद.

उपाय कोडेकच्या नोडमध्ये एक ओळ: "डब्ल्यूएलएफ,शेअर्ड-एलआरसीएलके". तिला कोणतंही मूल्य द्यायचं नाही, नुसतं नाव लिहायचं. त्याने कोडेकमधला एक बिट चालू होतो आणि एडीसी (आवाजाचे आकडे करणारा भाग) किंवा डीएसी, यांतलं काहीही चालू असलं तरी पिन चालू राहते. ही ओळ टाकायची की नाही हे सर्किट पाहून ठरतं. दोन पिन वेगवेगळ्या जोडल्या असतील तर ती लागत नाही.

मायक्रोफोन मुका

"राउटिंग" या प्रॉपर्टीत जोड्या असतात आणि जोडीत आधी ध्वनी जिथे पोचतो ते, मग जिथून निघतो ते. मराठीत आपण "इथून तिथे" म्हणतो, इथे "तिथे, इथून" असं लिहायचं. उलटं लिहिलं की ध्वनीचा मार्ग जुळत नाही. नावांत एका अक्षराचा फरकही चालत नाही, लॉगमध्ये विजेट (त्या नावाचा ध्वनीमार्गातला भाग) सापडलं नाही अशी तक्रार येते. कोडेकची नावं त्याच्या ड्रायव्हरमध्ये आहेत तशीच हवीत.

आमच्या मायक्रोफोनच्या जोडीत इनपुटची पिन होती, पण मायक्रोफोनला वीज देणारी "एमआयसीबी" ही जोड नव्हती. इलेक्ट्रेट मायक्रोफोन बायस व्होल्टेजशिवाय काहीच देत नाही. कर्नल वापरात नसलेला भाग बंद ठेवतो, आणि कोणीही मागितलं नाही म्हणून बायस बंदच राहिला. "माइक जॅक, एमआयसीबी" ही जोडी टाकली तेव्हा मल्टिमीटरवर व्होल्टेज उभं राहिलं. सॉफ्टवेअरवाल्यांना मल्टिमीटर हातात घ्यायचा संकोच असतो. घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

अ‍ॅम्प्लिफायर, वीज आणि आवाजाची पातळी

बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरची चालू-बंद पिन स्क्रिप्टमधून हलवू नका. त्यासाठी "सिंपल-ऑडिओ-अ‍ॅम्प्लिफायर" असा स्वतंत्र नोड आहे. त्यात "एनेबल-जीपीआयओज" आणि वीजपुरवठा लिहायचा, तो कार्डाच्या "ऑक्स-डेव्ज" यादीत घालायचा आणि राउटिंगमध्ये जोडायचा. मग आवाज असेल तेव्हाच अ‍ॅम्प्लिफायर जागा होतो आणि बोर्ड बदलला तर फक्त एक पिन बदलते.

वीजपुरवठ्याच्या ओळी नसल्या की लॉगमध्ये "डमी रेग्युलेटर वापरतो" अशी सूचना येते. पुरवठा कायम चालू असेल तर कोडेक चालतो, म्हणून लोक ती ओळ सोडून देतात. पण रेग्युलेटर प्रोसेसरच्या ताब्यात असेल आणि ट्रीमध्ये त्याला कोणी धरलेलं नसेल, तर बूट पूर्ण झाल्यावर कर्नल तो कोणी वापरत नाही असं समजून बंद करू शकतो. सुरू होताना एक टिंग ऐकू येतं आणि नंतर शांतता, अशी तक्रार असेल तर हेच पाहा.

व्हॉल्यूम किती असावा, उजवा स्पीकर बंद ठेवावा का, हे डिव्हाइस ट्रीत लिहायची जागा नाही आणि त्यासाठी नवी प्रॉपर्टी शोधूही नका. ती हार्डवेअरची गोष्ट नाही, वापराची आहे. ते अल्साच्या साठवलेल्या स्थितीत किंवा यूसीएम फाइलमध्ये (वापराप्रमाणे मिक्सर लावणाऱ्या) जातं. माझ्या मते ही सीमारेषा जिथे पाळली जाते तिथे कर्नल वर नेताना त्रास होत नाही.

फाइल लिहून झाल्यावर

कर्नलच्या सोर्समध्ये "डीटीबीज-चेक" चालवा. बाइंडिंग आता स्कीमाच्या (यंत्राने तपासता येणाऱ्या नियमांच्या) रूपात लिहिलेली असतात, त्यामुळे चुकीचं नाव, राहून गेलेली प्रॉपर्टी, जास्तीचा आकडा, हे बूट करण्याआधी कळतं. ऑसिलेटरवर काय लिहिलं आहे ते मात्र स्कीमाला कळत नाही. मग बोर्ड चालू करून प्रॉकमधलं डिव्हाइस-ट्री फोल्डर उघडा आणि चालू ट्री खरोखर तुम्ही लिहिलेलीच आहे ना ते बघा. आमच्याकडे एकदा बूटलोडर जुनी फाइल दुसऱ्या पार्टिशनवरून उचलत होता आणि आम्ही नवी फाइल अकरा वेळा बदलली.

यानंतरही अडलं आणि मदत मागायची असेल तर कोडेक आणि साउंड कार्ड यांचे दोन्ही नोड पूर्ण द्या, कर्नलची आवृत्ती द्या, लॉगमधल्या "असॉक" (कर्नलमधली कोडेकांची ध्वनियंत्रणा) असलेल्या ओळी द्या, डिबगएफएसमधल्या क्लॉक-समरी फाइलमधली मुख्य क्लॉकची ओळ द्या, आणि साठ सेकंदांची फाइल किती सेकंदांत संपली ते सांगा. आणि ऑसिलेटरच्या पाठीचा फोटो. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन तिरपा उजेड पाडा, अक्षरं दिसतात.